शुक्रवारी तिथं कुणी नसतं

१

एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहिलं पाहिजे. आपत्कालीन केंद्र उभारायचं म्हणजे काय, ते एवढ्याच वाक्यात येतं. हे वाक्य दत्तोपंतांच्या डोक्यात शिरावं म्हणून मी जेवढी तोंडाची वाफ दवडली, तेवढ्यात भिवंडीतला एखादा माग चालला असता.

ही १९९१ सालची गोष्ट. भिवंडीतल्या यंत्रमागवाल्यांनी आणि गोदामवाल्यांनी मिळून एक अग्निरक्षक संघ काढला होता. स्वतःचे बंब, स्वतःचे ड्रायव्हर. दत्तोपंत त्याचे अध्यक्ष. आयुष्यभर कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाल्यावर त्यांना ही खुर्ची मिळाली होती, आणि ती त्यांच्या अंगात भिनली होती. केंद्राची आखणी करायला त्यांनी मला बोलावलं. मी विजेची आणि टेलिफोनची इंजिनिअर, नाव विद्युल्लता. पहिल्याच भेटीत "वा, नावातच करंट आहे" असं म्हणून ते स्वतःच हसले. तिथंच मी परत फिरायला हवं होतं.

धामणकर नाक्याजवळच्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली, खाली अंगणात बंब. टेलिफोनच्या लाइनी दोन, दोन वेगळ्या रस्त्यांनी आणलेल्या. वीज गेली तर जनरेटर, तो बसला तर बॅटऱ्या. आणि ही सगळी खोलीच जळाली तर? म्हणून गावाबाहेर, वडप्याला, हुबेहूब तशीच दुसरी खोली. दोन्हींच्या मध्ये आमची स्वतःची तार.

नियम साधा होता. वडप्याच्या ऑपरेटरने तारेवरून मधूनमधून विचारायचं, हजर आहात का? नाक्याच्या ऑपरेटरने उत्तर द्यायचं. तीनदा विचारून उत्तर आलं नाही, तर पहिली खोली गेली असं समजून वडप्याच्या बाईने तिथला दांडा ओढायचा. मग सगळे फोन तिच्याकडे, बंबांचा वायरलेस तिच्याकडे, अंगणातली घंटाही तिच्या हातात. आमच्या टेबलावरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागणार.

या नियमांना दत्तोपंतांनी आपल्या अकलेची एक पुस्ती जोडली. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा शुक्रवारी कारखान्याला आग लागली तर आत कुणी नाही असं धरावं आणि बंब आधी आजूबाजूच्या गोदामांकडे वळवावेत.

"आत कुणी नाही?" मी म्हणाले. "दत्तोपंत, अख्ख्या भिवंडीला माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी कामगार मागांच्या मधेच झोपतात, आणि सूत चोरीला जाऊ नये म्हणून मालक बाहेरून कुलूप घालतात."

"कागदोपत्री तिथं कुणी नसतं, बाई."

मी भांडले, तिथून उठून गेले, परत येऊन पुन्हा भांडले. शेवटी तो नियम छापून दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर चिकटवला गेलाच.

२

चाचणीच्या दिवसांत नाक्याच्या खोलीत देवकी बसायची. गणेशपुरीच्या पलीकडल्या डोंगरातल्या एका पाड्यावरची मुलगी. आईवडील भाताच्या शेतावर राबायचे, हिने शाळा पुरी केली आणि नोकरीसाठी खाली आली. आवाज असा खणखणीत की मागांच्या खडखडाटातसुद्धा शब्दन् शब्द कळावा. मी तिला याच आवाजासाठी निवडलं होतं.

एका दुपारी मी टेबलाखाली वाकून जोडण्या तपासत होते. देवकी डबा खात होती. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आवाज आला, "हाय का?"

"हाय," देवकी तोंडातला घास सांभाळत म्हणाली.

मी पक्कड खाली ठेवली. मग उठून विचारलं, "कोण होतं ते?"

"वडप्याची बाई, ताई. आठवडा झाला, रोज इचारते. मी हाय म्हनते."

"वडप्याला बाई नाही, देवकी. तिथं अजून कुणाला ठेवलेलंच नाही. दत्तोपंत म्हणाले, माणूस उद्घाटनानंतर."

देवकीने डब्याचं झाकण लावलं. "मंग कोन इचारतं?"

मला राग आला तो दत्तोपंतांचाच. परस्पर कुणाला तरी बसवलं असणार, एखाद्या राखणदाराची बायको, आणि मला सांगायची तसदीही घेतली नसणार. किंवा तारेत दुसऱ्या लाइनीचं बोलणं मिसळत असेल. या गावात तारांची जी जळमटं आहेत त्यांत काहीही शक्य आहे. मी स्वतःची तशी समजूत घातली. ती तासभर टिकली, कारण तासाभरात पुन्हा "हाय का?" आलं, आणि त्या आवाजामागे गावातला कुठलाच आवाज नव्हता. ना माग, ना ट्रक, ना कावळा. दुपारच्या भिवंडीत अशी जागा नाही.

३

महादू हा आमचा सगळ्यात जुना बंबवाला. मी त्याला जीप काढायला लावली आणि आम्ही वडप्याला गेलो.

खोली रस्त्यापासून आत, उघड्या माळावर. दाराला कुलूप होतं आणि त्याच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. महादूने ते काडीने कोरून काढलं आणि किल्ली फिरवली. दार बाहेर उघडलं, आणि समोर भिंत. सुताच्या गाठींची, गासड्यांची. जमिनीपासून छपरापर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. हाताचा पंजा सरकवायला फट मिळाली असेल तेवढीच.

"ह्या कवापासनं हायत?" महादू म्हणाला.

माझी दुसरी खोली. गाव जळत असताना जिने जागं राहायचं ती खोली. तिचं या माणसाने गोदाम केलं होतं! आग विझवायच्या केंद्रात सूत भरलं होतं! मी त्या गाठींवर बुक्क्या मारल्या. माझ्या मुठींचा आवाज आतल्या आत मुरला.

मग महादू हळूच म्हणाला, "बाई, पंखा."

मी कान लावला. गाठींच्या पलीकडे, जिथं टेबल असायला हवं तिथं, पंखा फिरत होता. फटीतून थंड हवा चेहऱ्यावर येत होती. पंख्याचं बटण टेबलाशेजारच्या भिंतीवर होतं, मीच तिथं बसवायला सांगितलं होतं. तिथपर्यंत मांजरसुद्धा पोचलं नसतं. गाठी भरणाऱ्यांनी भरताना चालू ठेवला असेल, मी म्हणाले. महिनोन् महिने फिरतोय बिचारा.

महादूने मान हलवली. पण दार त्याने घाईघाईने लावलं, आणि कुलूप लागलं का ते दोनदा ओढून पाहिलं.

४

"गाठी काढा," मी दत्तोपंतांना म्हणाले. "आज. आणि वडप्याला माणूस बसवा."

ते संघाच्या कचेरीत उद्घाटनाच्या निमंत्रणांवर सह्या करत होते. "जागा रिकामी पडली होती. आपल्याच एका सभासदाची अडचण होती. चार दिवस ठेवल्या तर काय बिघडलं?"

"तुमच्या घराला आग लागली आणि नाक्याची खोली बंद असली, तर कोण फोन उचलणार? गाठी?"

"चिडू नका. तुम्ही बायका लगेच चिडता."

मी टेबलावर हात आपटला, दौत हलली. मग मी त्यांना आवाजाबद्दल सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं. तो माणूस हसेल, मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि जरा विचार केला.

"म्हणजे वडप्याकडून वेळच्या वेळी विचारणा होते."

"हो."

"माणूस न ठेवता."

"दत्तोपंत, तिथं कोण आहे ते आपल्याला माहीत नाही!"

"काम होतंय ना?" ते म्हणाले आणि पुढच्या निमंत्रणावर सही केली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी "हाय का?" आलं. देवकी म्हणाली, "हाय."

लगेच पुन्हा, "हाय का?"

"हाय म्हटलं ना!"

तिसऱ्यांदा. या वेळी देवकी उभी राहून ओरडली, "हाय! मी हाय! ताई पन हायत!" तिची हाक खाली अंगणात ऐकू गेली. महादूने वर पाहिलं.

स्पीकरमधला आवाज कुणा दुसऱ्याला सांगावं तसा म्हणाला, "न्हाय." दूर कुठे दांडा ओढल्याचा खटका झाला आणि आमचा हिरवा दिवा गेला. लाल लागला. टेबलावरचे फोन एकामागून एक मुके झाले.

मी पक्कड घेतली आणि वडप्याची तार जिथं भिंतीतून आत येते तिथं कापली. दोन्ही टोकं माझ्या हातात होती. लाल दिवा तसाच होता. दिव्याच्या खटक्याचा पत्रा चिकटला असेल, दमट हवेने चिकटतो. मी खटका उघडून साफ केला. दिवा तसाच होता.

मग अंगणातली घंटा वाजली. आम्ही ती वाजवली नव्हती. बंबाच्या वायरलेसवरून हुकूम आला आणि महादू गाडी घेऊन गेला. दीड तासाने परतला तेव्हा खूश होता. "वडप्यावरनं बोलते म्हनली. येक वळन चुकीचं सांगितलं न्हाय. आग पसरायच्या आत पोचलो." मग देवकीकडे बघून म्हणाला, "तू वडप्याला कवा गेलतीस गं?"

"मी हितंच हाय," देवकी म्हणाली.

"तुझाच आवाज व्हता."

देवकी खुर्चीत बसली. तिने गळ्याला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

ही बातमी दत्तोपंतांना कुणी दिली कोण जाणे. संध्याकाळी ते स्वतः वर आले, लाल दिव्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि देवकीला म्हणाले, "उद्यापासून ड्युटीवर येऊ नकोस. काम तिकडून छान चाललंय."

६

दुसरा दिवस शुक्रवार. शुक्रवारी भिवंडी बहिरी झाल्यासारखी वाटते. एरवी इतका खडखडाट असतो की आपण ओरडून बोलतो हेच विसरायला होतं.

देवकी तिचा डबा न्यायला आली होती. मी तिला बसवून घेतलं. "अध्यक्षाला मी बघून घेते. या खुर्चीत जितं माणूस पाहिजे." आम्हाला आता फोनवर बोलता येत नव्हतं, पण तपासणीसाठी ठेवलेल्या बटणाने लाइनीवरचं बोलणं ऐकता येत होतं. मी ते दाबून धरलं.

जरा वेळाने फोन आला. माणूस खोकत होता. "हैलो, बंबवाले? कारखाने में आग लगी है. बाहर से ताला है, हम लोग अंदर हैं."

देवकीच्या आवाजाने पत्ता विचारला. नाक्यामागची गल्ली, आमच्या खिडकीतून दिसणारी. पत्ता बिनचूक परत म्हणून दाखवला. मग विचारलं, "हाय का?"

"क्या?"

"हाय का?"

"हाँ, हैं! हम अंदर हैं, बहनजी, सब लोग अंदर हैं!"

"हाय का?"

"हैं, हैं, हैं!"

"न्हाय," देवकीचा आवाज म्हणाला. मग घंटा वाजली, आणि महादूला शेजारच्या गोदामावर पाणी मारायला जायचा हुकूम मिळाला.

मी खिडकीशी गेले. गल्लीतून काळा धूर वर येत होता. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर दत्तोपंतांचा नियम चिकटवलेला होता. ती जी कोण होती, ती चुकत नव्हती. तिला लिहून दिलं होतं तसंच ती करत होती.

आम्ही दोघी जिना उतरलो की पडलो, ते मला आठवत नाही. महादू गाडी काढत होता.

"कारखान्यात माणसं आहेत! तिकडे घे!"

"हुकूम गोदामाचा हाय, बाई. हुकमाबिगर न्हाय जायचं, तुमीच शिकवलं."

"नियम गेला चुलीत!"

"मानसं हायत, महादूदादा," देवकी गाडीसमोर आडवी उभी राहून ओरडली. "मी सांगतेय. ही मी, खरी!"

महादूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि चाक वळवलं.

कुलूप पहारीने तोडलं. माणसं एकमेकांना धरून बाहेर आली, काळी, खोकत, उघडी. सगळी जिवंत. फोन करणारा शेवटी आला. तो मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "हमने बोला कि हम हैं. हमने बोला." मी त्याचा हात धरला आणि रडले. दुःखाने नाही, निव्वळ संतापाने.

तेवढ्यात बंबाचा वायरलेस खरखरला. देवकीचा आवाज. या वेळी तो 'वडप्यावरनं' असं म्हणाला नाही.

"नाक्यावरनं बोलते."

देवकी माझ्या शेजारी उभी होती. आम्ही दोघींनी मागे वळून वर पाहिलं. आम्ही धावलो तेव्हा खोली पहिल्यांदाच रिकामी राहिली होती. खिडकीत, टेबलाशी, कुणीतरी बसलेलं होतं.

७

दार आतून लावलेलं होतं. दाराला माझ्याच आग्रहाने जाड काच बसवलेली, आत जाळी घातलेली. मी दार ठोकलं, देवकीने ठोकलं. कारखान्यातली माणसं आमच्यामागोमाग जिना चढून आली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी तो आवाज दारापलीकडून ऐकला आणि ओळखला. मग ती दारावर तुटून पडली.

"खोलो! हम हैं! देखो, हम हैं!"

आत फोन वाजत होते आणि उचलले जात होते. सगळीकडे तोच सवाल, शांतपणे.

दत्तोपंत जिन्यातून वर आले. उद्या उद्घाटन, म्हणून फुलवाल्याला घेऊन आले होते. फुलवाला ती काळी माणसं बघून खालच्या खाली पळाला. दत्तोपंतांनी नाकाला रुमाल लावला.

"ही कोण माणसं?"

"तुमच्या सभासदाच्या कारखान्यातून काढली. आत जळत होती."

"आज शुक्रवार आहे, बाई," ते म्हणाले. त्यांच्यासमोर हातभर अंतरावर माणसं उभी होती, हातांवर फोड आलेली, आणि तो गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाला, "शुक्रवारी तिथं कुणी नसतं."

मी त्यांची कॉलर धरली. आयुष्यात कुणाची धरली नव्हती. त्यांना ओढत दारापाशी नेलं आणि त्यांचं तोंड काचेला लावलं. "बघा. कोण आहे ते बघा. तुम्ही ठेवलेलं माणूस बघा."

त्यांच्या खांद्यावरून मलाही दिसलं. खुर्चीची पाठ. तिच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर, ऐकायचे कानपट्टे, दोन्ही बाजूंनी नीट बसलेले. मधे काही आहे का, ते जाळीतून कळेना. भिंतीजवळचा पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने कानपट्ट्यांच्या मधोमध पांढरं सूत हलत होतं. टेबलावरचा दिवा हिरवा होता. खुर्ची वळायला लागली, सावकाश, आणि मी डोळे मिटले.

दत्तोपंतांनी मिटले नाहीत.

कारखान्यातली माणसं एकाएकी गप्प झाली. आतून आवाज आला, देवकीचाच, पण दाराच्या अगदी जवळून.

"दत्तोपंत, हाय का?"

"आहे," ते म्हणाले. "मी अध्यक्ष. मी आहे."

"हाय का?"

"आहे हो! मी दत्तोपंत! ही सगळी मंडळी बघतायत मला!"

त्यांनी मान वळवून त्या माणसांकडे पाहिलं. फोन करणारा सगळ्यांत पुढे उभा होता. त्याने दत्तोपंतांकडे पाहिलं आणि मग जिन्याकडे तोंड फिरवलं.

मग दत्तोपंत माझ्याकडे वळले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तिसरा सवाल यायचा होता, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी 'आहे' म्हणायला हवं होतं.

"दत्तोपंत, हाय का?"

मला बोलता येत होतं. मी बोलले नाही.